पहिल्या पानावरचा कूलर

मी लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारं याआधी कोणी झालं नाही. घरातला सगळ्यात मोठा लिहिलेला मजकूर म्हणजे बाबांच्या दुकानाचा बोर्ड, आणि तोही पेंटरने लिहिलेला. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. त्यामुळे मला सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं, आणि मला खरं तर काय कळत नाही हेही नीट कळत नाही. हा प्रसंगही मला पुरता उमगलेला नाही. मोठ्या लेखकांना आधी कळतं आणि मग ते लिहितात, असं ऐकलंय. माझं उलटं झालं, सांभाळून घ्या.

अकोल्यात बाबांचं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापून, ठोकून, रंग देऊन ते स्वतः कूलर बनवतात आणि वाळ्याच्या ताट्याही स्वतः बसवतात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर समोरच प्लॅस्टिकच्या तयार कूलरचं मोठं शोरूम उघडलं. तिथले शेठ चांगले आहेत. त्यांनी बाबांना चहाला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, माझ्याकडे फिटिंगला या. बारमाही काम देतो. फक्त तुमचं दुकान बंद करा, समोरासमोर बरं दिसत नाही." बाबांनी विचार करतो म्हणून सांगितलं आणि अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर सीझन चालला तर ठीक, नाही तर बोर्ड उतरवायचा.

मी तेव्हा अमरावतीला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शनिवारी घरी गेलो तेव्हा म्हणालो, "बाबा, आपण वेबसाइट करू. लोक आता आधी मोबाइलवर शोधतात."

"कूलर मोबाइलवर कसा थंडा करून दाखवशीन?" बाबांनी विचारलं. पण नाही म्हणाले नाहीत.

वेबसाइट मी केली. बरी झाली. बाबांचे रंग न लागलेले, रंग लागलेले आणि खिडकीत बसलेले कूलर, असे फोटो टाकले. नकाशावर दुकानाची नोंदही केली. मग सर्चमध्ये वर येण्याचं काम सुरू केलं, आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की लोक शोधतात ते शब्द पानावर पुन्हापुन्हा यायला हवेत. मी तसं लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं. "अकोल्यातील कूलर, अकोल्यातील चांगला कूलर, कूलर अकोला... हे काय बे, जप करून राह्यला का?" दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं की असं केलं तर साइट खाली जाते. मी सगळं काढलं. मग बाबांना गिऱ्हाइकं काय काय विचारतात ते त्यांना विचारलं आणि तेच एका पानावर लिहिलं: खिडकी लहान असेल तर काय, पाणी खारं असेल तर पत्रा किती टिकतो, आवाज कमी कसा करायचा. हे बरोबर की चूक, मला माहीत नव्हतं.

आठच दिवसांत बाबांचा फोन आला. "पह्यला नंबर लागला ना आपला!"

मला खरंच वाटेना. खोलीतला माझा मित्र वरूडचा, संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा. त्याच्या मोबाइलवर मी 'अकोला कूलर' टाकून पाहिलं. पहिल्या पानावर आम्ही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही. मित्र म्हणाला, "लेका, तुहं दुकान अकोल्यातच हाय ना?"

रविवारी घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. बाबा सकाळी शटर उघडत, उदबत्ती लावत आणि पहिल्या विक्रीची भवानी होण्याआधी मोबाइलवर 'अकोला कूलर' टाकून आमची साइट उघडत. आपल्या हाताने सुरुवात केली की दिवस चांगला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं पाहून आई, आत्या आणि शेजारचा सायकलवालाही तेच करू लागले होते. मोबाइलला त्यांची सवय कळली होती, म्हणून तो त्यांना आमचीच साइट आधी दाखवत होता. मी हे समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे आमच्या मोबाइलले समजते आपलं दुकान चांगलं हाय, आन् त्या अमरावतीवाल्याच्या मोबाइलले नाई समजत?"

मी म्हणालो, "तसंच समज आत्या. बाहेरच्या लोकांनी चांगलं लिहायला पाहिजे."

एवढंच बोललो होतो. आत्याने ते मनावर घेतलं. होळीनंतर तिच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पंगती उठल्या आणि आत्याने सरळ माइक हातात घेतला. "ऐका बाप्पा! माह्या भावाले आहेर कोणी देऊ नका, त्याच्या दुकानाले मोबाइलवर पाच पाच स्टार द्या! पान मंग भेटीन!" हॉलचं वायफाय सगळ्यांना जोडून दिलं गेलं. काका, मावश्या, नवरदेवाकडची माणसं, सगळे माना खाली घालून लिहीत बसले. मी मध्ये पडू पाहिलं, पण माझा आवाज बँडमध्ये कुठे पोचणार? नवरदेवाच्या काकांनी लिहिलं, "जेवण उत्तम, व्यवस्था छान." कोणी लिहिलं, "आमचे मामा आहेत, स्वभावाने गरीब." कूलरबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही. पण प्रेम खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

सकाळी उठून पाहिलं तर एकही स्टार शिल्लक नव्हता. स्टारच काय, नकाशावर दुकानच नव्हतं. एकाच जागेवरून, एकाच वेळी एवढी स्तुती आली म्हणून मशीनला संशय आला असावा. निदान मला तरी तसंच वाटतं. खरं कारण कोणी कळवलं नाही. नोंद थांबवली आहे आणि अर्ज करता येईल, इतकंच कळवलं.

"मी तर चांगलंच केलं होतं ना रे?" आत्या पुन्हापुन्हा विचारायची. बाबा तिला म्हणाले, "तू कायले रडतं? दुकान आपल्या जाग्यावर हाय. नकाशातून गेलं, गल्लीतून नाई गेलं." पण नंतर ते बराच वेळ समोरच्या शोरूमकडे बघत बसले.

अर्जासाठी व्हिडिओ हवा होता: दुकानाचा बोर्ड, अवजारं आणि मालक स्वतः शटर उघडताना. बाबांनी साक्षगंधात घातलेला शर्ट घातला. शटर वर करताना ते नवरदेवासारखे लाजले. "हसू का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नका हसू. मग वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं का? तेही मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी अमरावतीला परतलो. रोज पाहायचो. अर्ज विचाराधीन. ऊन वाढलं, आमच्या खोलीतला पंखा गरम हवा फेकू लागला, आणि अर्ज विचाराधीनच. घरी फोन केला की बाबा सीझनबद्दल काही बोलत नसत. "अभ्यास कर," म्हणत आणि फोन आईकडे देत. एकदा आई हळूच म्हणाली, "बोर्ड धुऊन ठेवला त्याईनं. कावून धुतला, मी विचारलं नाई."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दुपारी मी पेपर देऊन बाहेर आलो, तर बाबांचे बरेच मिस्ड कॉल दिसले. ते कधी एवढे फोन करत नाहीत. मित्राबरोबर झाडाखाली उभा राहून मी फोन लावला.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला. काय झालं बाबा?"

"मोझरीकडचे एक जण आल्ते. यात्रेकरूईसाठी खोल्या बांधल्या म्हणे त्याईनं. खिडक्या बारक्या हायेत, तयार कूलर बसत नाई. सगळ्या खोल्याईचे कूलर आपल्याले सांगितले. मोबाइलवर पाहून आलो म्हणे."

मी दुसऱ्या हाताने मित्राचा मोबाइल मागून घेतला आणि शोधलं. नकाशावर आम्ही नव्हतोच. अर्ज विचाराधीन.

"बाबा, त्यांनी काय टाकून शोधलं? कोणत्या पानावर दिसलो आपण?"

"मले काय मालूम! उन्हातून आलेल्या माणसाले पाणी देऊ, का हे असं विचारत बसू?" मग म्हणाले, "शेठले सांगून आलो. येत नाई म्हटलं. बोर्ड राहू दे आपला."