लाखेने चिकटवलेले मोती

शिरस्तेदार म्हणून न्यायालयातून निवृत्त झालो, पण पत्रे लिहिण्याची माझी सवय निवृत्त झाली नाही. नळाचे पाणी, फूटपाथवरचे खांब, मध्येच गायब होणारी सिटी बस, सर्वांविषयी मी लिहीत असतो. घरातही महत्त्वाचे म्हणणे मी लेखीच देतो, कारण तोंडी बोललेले नाकारता येते.

नातीच्या साखरपुड्याला चार दिवस उरले होते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या साध्या पांढऱ्या बेलींवर, म्हणजे बिनटाचेच्या बुटांवर, काम करत होती. शेजारी मोबाइलमध्ये एका परदेशी कंपनीच्या बुटांचा फोटो उघडा होता. पुढे मोत्यांची रांग, वर रेशमी फीत. इथवर माझी हरकत नव्हती. परंतु सोनेरी खड्यांनी तिने त्या कंपनीची दोन अक्षरी मुद्राही जशीच्या तशी उमटवली होती. माझा पारा चढला. मी खोलीत जाऊन नोटीस लिहिली : 'विषय – दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचा विनापरवाना वापर.' एक प्रत सुनेला.

नातीने खाली सही केली : 'पोच मिळाली. भाजी गार होतेय, आजोबा.'

"बेलींवर कोण दावा लावणार आहे?" जेवताना तिने विचारले.

"दाव्याचा प्रश्न नाही. मोती कुणाच्या मालकीचे नसतात, फीतही नसते. पण ही अक्षरे म्हणजे सही आहे. दुसऱ्याची सही करून तू नव्या घरात पहिले पाऊल टाकणार?"

तिने घास ताटात ठेवला. "त्यांच्याकडं सगळ्यात आधी पायाकडंच बघतात. मागच्या वेळी नणंदबाईंनी विचारलं, सँडल कुठल्या ब्रँडची? मी पाय साडीखाली लपवले. परत तसं उभं राहायचं नाहीये मला."

तेव्हा मला कळले की माझी नोटीस कायद्याने बरोबर होती आणि तरीही अपुरी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून खडे काढले. खाली चिकटद्रव्याचे पिवळे डाग राहिले. शेजारच्या खाला हिमरूचे नक्षीदार कापड विणणाऱ्या घरातल्या. त्यांनी जांभळ्या हिमरूच्या चिंध्यांची पिशवीच आणून दिली.

"चच्चा, इत्ता गुस्सा? बच्ची की जूतियाँ हैं, कोरट का कागज नहीं," त्या म्हणाल्या आणि डागांवर बसतील अशी पाने कापू लागल्या.

मोती बसवायची जबाबदारी मी मागून घेतली. नात म्हणाली, "चांभाराकडचं सोल्यूशन आणते." मी हात वर केला. आयुष्यभर मी लाखबंद पाकिटे हाताळली होती. वितळलेल्या लाखेचा थेंब कसा धरतो, हे मला कोणी सांगायचे? मेणबत्तीवर लाख धरून मी एकेक मोती बेलीच्या टोकावर बसवला. हिमरूवर लाल थेंब शोभलेसुद्धा. खाला म्हणाल्या, "चच्चा, चलेगा ना ये?" मी म्हणालो, "सील आहे ते."

साखरपुडा बजाजनगरच्या एका हॉलमध्ये होता. नात स्टेजवर चढली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली, आणि टक्कन एक मोती उडाला. पुढच्या नमस्काराला दुसरा. लाकडी फळ्यांवरून मोती घरंगळत नवऱ्या मुलाच्या आईच्या पायाशी गेले. लाख लावतात ती फुटावी म्हणून. पाकीट वाकवले तर कळावे म्हणून. ज्या माणसाने हजारो पाकिटे फोडली, त्याला एवढे आठवू नये!

नणंदबाई खाली वाकून बघत होत्या. "वहिनी, कुठल्या ब्रँडच्या गं ह्या?"

नातीने पदर सावरला.

"आमच्या घरच्या. कापड आमच्या खालांचं, मोती आजोबांनी लावलेत. गळतायत त्यावरूनच कळत असेल."

नणंदबाईंना असे हसू फुटले की त्यांनी खुर्चीचा हात धरला. सासूबाईंनी स्वतः वाकून मोती गोळा केले, रुमालात बांधले आणि माझ्याकडे आल्या.

"आजोबा, हे हिमरू माझ्या आईच्या शालीसारखं आहे. आमच्या पोरीच्या सँडलला करून द्याल का?"

"आई, पण लाख नको हं!" मागून नणंदबाई ओरडल्या.

नात स्टेजवर अनवाणी उभी होती. उरलेले मोती गळू नयेत म्हणून तिने बेली काढून हातात घेतल्या होत्या, आणि फोटोवाला सांगत असूनही त्या खाली ठेवायला तयार नव्हती. फोटोत त्या तशाच आल्या आहेत.

घरी येताच मी नातीला लेखी चूक कबूल केली, एक प्रत खालांना. हल्ली दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघे बसतो. नणंदबाईंच्या सँडलवर मोती बसवतोय, सोल्यूशनने. बसचे पत्र अजून लिहायचे राहिले आहे.