लीड देणाऱ्या पोरीची आजी

सायकलची शर्यत नुकतीच जिंकलेल्या, अजून धापा टाकत असलेल्या एका परक्या पोरीला मी भर रस्त्यात दंडाला धरलं आणि "चोरटी" म्हणाले. आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि तो हक्क पहिला माझा.

याला आता काही वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठी उलटून थोडेच दिवस झाले होते. केस अर्धे काळे होते, गुडघे शाबूत होते. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण नाठायला ती आधी असावी लागते. माझ्यातल्या तेव्हाच्या बाईकडे ती नव्हती. होता तो नुसता आवाज, आणि आमच्या भांडगावातून हाक मारली तर यवतच्या स्टँडवर ऐकू जाईल इतका.

माझी नात सायकल चालवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. यवतच्या शाळेत जाता-येता हायवेच्या कडेनं ती दुधाच्या टेम्पोशी शर्यत लावायची. टेम्पोवाल्यानं घरी येऊन तक्रार केली, आम्ही तिला रागावलो, दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पुन्हा मागं टाकलं. पुढं कॉलेजात कोणाच्या तरी नजरेत आली आणि मुलींच्या एका पगारी टीमनं तिला घेतली. पण कच्ची घेतली होती. काही महिने बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू. टीमनं नाही ठेवलं तर सायकल गोठ्यात टांगायची आणि रांजणगावच्या कारखान्यात हजेरी लावायची, असं बापलेकीत ठरलं होतं. माझा मुलगा शब्दाचा पक्का आहे, म्हणजे हट्टी आहे. त्याचं कारण माझ्यात शोधू नका.

आणि तेव्हाच एक मोठी शर्यत आपल्या भागात आली. रोज एक टप्पा, असे काही दिवस. त्यातला एक टप्पा शिरूरकडून निघून न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याकडे यायचा. आदल्या संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजी, उद्याचा टप्पा सपाट हाय. चढ न्हाई, घाट न्हाई. उद्या माझं काम लीडआउटचं. कोच म्हणलेत, उद्याचं लीड बघून ठरवू, तुला ठेवायचं का न्हाई."

आता इथं घोटाळा झाला. लीड हा शब्द मला नवा असता तर मी गप्प बसले असते. पण आमच्याकडे लीड हा शब्द शेंबडं पोरसुद्धा जाणतं. सोसायटीची निवडणूक असो, कारखान्याची असो नाहीतर झेडपीची, मतमोजणीच्या दिवशी पारावर दुसरा विषयच नसतो. कोणाला किती लीड, कोणत्या गावातून लीड, कोणाचं लीड तुटलं. शेवटच्या पेटीपर्यंत लीड टिकलं की गुलाल. म्हणजे पोर पुढं राहणार, शेवटपर्यंत पुढं राहणार, गुलाल आपला. राहिलं ते 'आउट'. ते क्रिकेटचं असेल म्हणून मी सोडून दिलं.

"शेवटपर्यंत पुढं राहा बये," मी म्हणाले. "मागं वळून बघू नको."

ती हसली. "शेवटपर्यंत न्हाई गं आजी. शेवटाच्या जरा अलीकडपर्यंत."

मला वाटलं, पोर लाजून बोलते आहे. केवढी गुणाची!

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी सकाळीच जाऊन शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे, उसाच्या बांधाजवळ जागा धरली. शेजारचे आप्पाही आले. आप्पा म्हणजे जुने पुढारी. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलला हात लावला नसेल, पण मोजणी कोणतीही असली तरी ते हजर. सूनबाईच्या मोबाईलवर शर्यत दिसत होती, ती आम्ही तिघं पदराच्या सावलीत बघत होतो.

सुरुवातीलाच तीन पोरी घोळक्यातून निसटल्या आणि पुढं गेल्या. त्यात आमची नव्हती. आमची मागं, त्या मोठ्या घोळक्यात, बाटलीतलं पाणी पीत कोणाशी तरी बोलत चालली होती. हो, बोलत! एकीनं तर सायकलवर बसल्या बसल्या केळं सोललं.

"पळा की गं!" मी मोबाईलवर ओरडले.

"आत्या, तिला ऐकू न्हाई जात," सूनबाई म्हणाली.

"घरात तरी कवा ऐकू जातंय!"

आप्पांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला. "वहिनी, तिघींचं लीड चार-पाच मिनिटांचं हाय. गेलं आता. डिपॉझिट जप्त."

डोळ्यांपुढे रांजणगावचा कारखाना आला, गोठ्यात टांगलेली सायकल आली, तिच्यावर बसलेली कोंबडीसुद्धा आली.

आज मला कोणी विचारलं तर मी सांगेन की सपाट टप्पा असाच असतो. दोन-तीन जणी पुढं पळतात आणि मागचा घोळका त्यांना पळू देतो. जणू शेळीचं दावं लांब सोडलं आहे. चर, लांब जा, पण दावं आमच्या हातात आहे. मग ज्या टीमकडे शेवटी भन्नाट पळणारी स्प्रिंटर असते, त्या टीमची एकेक पोर घोळक्याच्या तोंडाशी येते आणि दावं हळूहळू ओढायला लागते. फार लवकर ओढायचं नाही, नाहीतर दुसऱ्या कोणीतरी निसटतात. फार उशीर करायचा नाही, नाहीतर शेळी खरोखर पळून जाते. हल्ली परदेशातल्या शर्यती मी नातीबरोबर बघते, आणि तिथले बापेलोकही असंच करतात. सपाट टप्प्याचं एक बरं असतं. दुपारी जेवून निवांत पडावं, मधलं काही चुकत नाही. शेवटाला घरच्यांनी उठवावं. घाटाच्या टप्प्याला मात्र झोपता येत नाही, म्हणून मला सपाटच आवडतो.

पण त्या दिवशीची बाई हे काही जाणत नव्हती. ती बांधावर बसून देवाला नवस बोलत होती आणि देव ऐकतो आहे असं तिला वाटू लागलं होतं, कारण लीड खरंच तुटायला लागलं.

"तुटलं!" आप्पा उभेच राहिले. "तीन मिनिटं... आता दोन... व्हय वहिनी, आपल्या पेट्या फुटायला लागल्या!"

पारगावचा पूल मागं पडला. त्या तिघी आता सारख्या मागं वळून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून, खरं सांगते, मला त्यांचीही दया आली. सकाळपासून उन्हावाऱ्यात राबल्या होत्या बिचाऱ्या. चौफुला जवळ आला आणि घोळक्यानं त्यांना गिळलं. भांडण नाही, धक्का नाही. पुराच्या पाण्यात कडेची बाभळ जावी तशा त्या दिसेनाशा झाल्या.

मग पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, त्यांच्या मागून तो आवाज. मोहोळ उठल्यावर येतो तसा. वळणावरून घोळका दिसला आणि त्याच्या तोंडाशी जांभळ्या कपड्यांतल्या चार पोरी, एकीच्या मागे एक, ओवल्यासारख्या. आमची टीम! पहिलीनं जीव खाऊन ओढलं आणि ती बाजूला झाली. दुसरीनं ओढलं, तीही बाजूला झाली. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? माझी नात. मान खाली, पाठ वाकलेली, गालाला लाळेची तार. शंभर बायका मागं आणि माझी पोर पुढं.

"लीड!" मी किंचाळले. "लीड घेतलं! सोडू नको!"

ती आमच्या समोर आली आणि तिनं ते सोडलं.

सरळ बाजूला सरकली. पाय ढिले पडले, खांदे पडले, आणि तिच्या मागं नाक खुपसून आलेली चौथी पोर गोफणीतून धोंडा सुटावा तशी सुटली आणि रेषेपार गेली. माझी नात मागून येणाऱ्या गर्दीत कितव्या तरी नंबरावर कुठं तरी बुडाली.

नंतर मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. अडथळ्याखालून वाकून गेले, तेव्हा गुडघे शाबूत होते म्हणाले ना. त्या जिंकलेल्या पोरीला गाठलं, दंडाला धरलं.

"चोरटे! माझ्या नातीच्या आडोशाला लपून आलीस आन् शेवटाला पुढं झालीस? तोंडावर वारा तिनं खाल्ला आन् गुलाल तुला?"

पोर कोल्हापूरकडची होती, बाई असूनही 'मी येतो, मी जातो' म्हणणाऱ्या मुलखातली. तिनं माझ्याकडे बघितलं, श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "व्हय आजी. तसंच केलो."

कबुली इतकी सरळ आली की मी दंड आणखीच घट्ट धरला. शेजारी टीमचे कोच उभे होते. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. सूनबाई "आत्या, सोडा तिला, आत्या!" म्हणून माझा पदर ओढत होती. तेवढ्यात नात सायकल ढकलत आली. घामानं निथळलेली, आणि चक्क हसत. मला बघितलं, माझ्या मुठीतला तो दंड बघितला, आणि तिचं हसू गेलं.

ती मला हाताला धरून बक्षिसाच्या मांडवाच्या कडेला घेऊन गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तर असतं.

"आजी, आपल्या गावानं गेल्या निवडणुकीत लीड दिलं का न्हाई?"

"दिलं की. चांगलं भरघोस."

"मग निवडून कोण आलं? गाव आलं का?"

"गाव कसं येईल? आपला उमेदवार आला."

"लीड घ्यायचं नव्हतं आजी. द्यायचं होतं. पुढं चालणारी वारा कापती. मागची तिच्या आडोशानं दम राखती. आज जिंकली ती आमच्यात सगळ्यात जोरात पळती, पण तिचा जोर थोडाच वेळ टिकतोय. म्हणून तिला शेवटापर्यंत लपवून आणायची आन् बरोब्बर जागी मोकळी सोडायची. ती सोडायची जागा माझी. मी लवकर सोडली तर ती दमती, उशिरा सोडली तर तिला वाट मिळत न्हाई. आज जिथं सोडायची तिथंच सोडली." ती थांबली. "आयुष्यात पयल्यांदा इतकं नीट जमलं. आन् तू कोचच्या समोर तिलाच धरलीस."

माझं माहेर केंदूरचं, मेंढरांच्या घरचं. भर दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहतात ते मी चालायच्या आधी बघितलं. कडेची मेंढी ऊन खाते, आतली सावलीत राहते, आणि कडेची कधी तक्रार करत नाही. सगळं समोर बघून मोठी झालेली बाई, आणि सायकलला चाकं आहेत म्हटल्यावर सगळं विसरली! बापानं पाहिलं असतं तर मला कळपातच बांधलं असतं.

"आता ठेवतील का गं तुला?" मी विचारलं.

"ठरवायचं कोचनी, पण ते तिला विचारून ठरवणार. तिच्या पुढं कोण पायजे ते तिलाच ठाऊक." नातीनं चेहरा पुसला, दोन्ही हातांनी. घाम होता की दुसरं काही, ते मी बघितलं नाही. म्हणजे बघायचं टाळलं.

आपल्या तोंडानं पोरीची भाकरी गेली, असं मनात म्हणत मी वळले. कंबरेच्या पिशवीत घरून आणलेला गुऱ्हाळावरचा गूळ होता, जिंकल्यावर नातीच्या तोंडात घालायला ठेवलेला. तो घेऊन मी त्या कोल्हापूरच्या पोरीकडे गेले, नात माझ्या मागोमाग. ती खुर्चीत पाय पसरून बसली होती, गळ्यात हार, शेजारी कोच. मी पदर खोचला, आणि जन्मात कोणापुढं केला नव्हता तो आवाज केला, बारीक.

"बाई, चुकलं माझं. मी अडाणी. माझ्या तोंडाची शिक्षा तिला देऊ नका. तिला काय येतं ते तुम्हाला ठाऊक हाय, मला आजच कळलं."

तिनं माझ्या हातातला गुळाचा खडा घेतला, अख्खाच तोंडात टाकला, आणि एका गालातून बोलली:

"आजी, कोच आत्ताच विचारले मला, फुडच्या वर्षाला फुडं कोण पायजे म्हणून, आन् मी हिचंच नाव सांगून बसलोय. आता तुम्ही मला शिव्या घाला न्हाईतर गूळ घाला, मी काय हिच्या मागनं हलत नसतो."