पाळणुकीच्या मंगळवारी आलेली मडम

मिशनच्या मडमांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, हे आधी कबूल करतो. एक नाही, चार. बेळगावच्या एका लहानशा छापखान्यात ती छापली, सायकलला बांधली आणि खानापूरच्या रानापर्यंत खेडोपाडी वाटली. ‘हे लोक औषधाच्या बाटलीआड धर्म विकतात’ हे त्यातलं माझं आवडतं वाक्य. ते सपशेल खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या मंगळवारी जे झालं ते लिहिलं नाही, तर मी लबाड ठरेन.

माझी थोरली बहीण, आक्का, गुंजी स्टेशनापासून दोन कोसांवरच्या गावात दिलेली. आमची आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मी तिच्यासाठी जाऊन राहिलो होतो. सोमवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मंगळवारी उजाडताना सुईण बाहेर आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, “आता माझ्या हातचं न्हाय.”

दाजींनी पटका गुंडाळला आणि ते निघाले. जांबोटीच्या वाटेवर मिशनच्या मडमचा तळ पडला होता, तिकडे.

“मडमेला कशाला?” मी मागून ओरडलो.

दाजी वळले. “मग तू जातोस काय आत? जा की. वाचून दाव तिला तुझी पत्रकं.”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

त्या गावात देवीच्या यात्रेआधी पाच मंगळवार पाळणूक असते. त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत, जातं फिरवायचं नाही, शिवेच्या आत गाडीचं चाक फिरू द्यायचं नाही. परक्यानं पायात काही घालून आत यायचं नाही. दिवस मावळला की सगळं सुटतं. हा तिसरा मंगळवार होता.

दहाच्या सुमारास मडम आली. पन्नाशीची, उंच, भाजलेल्या वांग्यासारखा झालेला चेहरा. येताना ओढ्यात तिची गाडी कलंडली होती आणि औषधांची अर्धी पेटी पाण्यात गेली होती. गाडी सरळ करेपर्यंत कुणाच्या तरी शेळीनं तिच्या टोपीची कड खाल्ली होती. शिवेवर गाडी अडवली. तिनं बूट काढले, मोजे काढले, आणि चैत्रातल्या तापलेल्या तांबड्या मातीवरून अनवाणी चालत, नव्हे, उड्या मारत ती आली. बायका पदराआड हसत होत्या.

“हसा, हसा,” ती म्हणाली. “पाय माझं भाजत्यात, दात तुमचं दिसत्यात.”

ही भाषा ती कुठे शिकली कोण जाणे. मला राग आला. ती अडखळत, पुस्तकी बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दारात आक्काची सासू घागर घेऊन उभी. पाळणुकीच्या दिवशी बाहेरचं माणूस बाळंतिणीला शिवणार असेल तर आधी अंघोळ. मडम कपड्यांसकट अंगणात उकिडवी बसली आणि म्हातारीनं घागर तिच्या डोक्यावर रिकामी केली. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत ती उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बाप्तिस्मा लहानपणीच झालता रं माझा. आता हा दुसरा. तुमच्यात किती येळा करत्यात?”

मी हसलो नाही. त्या दिवशी हसायची एवढीच संधी होती, आणि मी ती ताठ मानेनं घालवली.

ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा ओल्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“पोर आडवं आलंय. हितं माझ्याजवळ काय उरलं न्हाय. दुपारची आगीनगाडी गाठून बेळगावला मिशनच्या दवाखान्यात न्यायला पायजे. माझी बैलगाडी दारात आणा.”

म्हणजे चाक फिरवा. म्हणजे गावाला विचारा.

देवळासमोरच्या पारावर पंच बसले होते. त्यांतला सगळ्यात थोरला म्हातारा बोलत होता, बाकीचे माना हलवत होते. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सभेत करतो तसं भाषण ठोकलं. अंधश्रद्धा, अज्ञान, एका बाईचा जीव, देवीला बळी हवा आहे काय, सगळं काढलं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “गेल्या म्हैन्यात ह्याच पारावर तुम्ही काय बोलला? आपल्या रीती सोडू नका, मडमेची गाडी दिसली की शिवेवरच अडवा. बोलला का न्हाय?”

“बोललो, पण...”

“आम्ही अडवली. मागल्या साली तिची गाडी ह्याच दिवसात आत आलती, आम्ही काय बोललो न्हवतो. औंदा तुम्ही शिकवलंसा.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याला माझी जिरवायची नव्हती; तो खरोखर माझा शब्द पाळत होता. शहाण्या, शिकलेल्या माणसानं सांगितलं, म्हणून.

मी पाया पडलो. पत्रकं लिहिणारा मी, त्या म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो म्हणाला, “चाक न्हाय फिरायचं. माणसाच्या पायाला बंदी न्हाय. उचलून न्या शिवेपातूर.”

उचलायला कोण? भरल्या गावात, पाळणुकीच्या दिवशी, जित्या माणसाची बाज चौघांनी खांद्यावर घ्यायची हे अभद्र. एकही गडी पुढे आला नाही. मडमचा गाडीवान शिवेबाहेर उभा होता. तो बाटलेला महार, म्हणून त्याला आत येऊ देईनात. यावर मला खरं तर दुसरं भाषण करायला हवं होतं. मी बाजेकडे वळलो.

बाजेच्या एका खुराला दाजी, एकाला मी. तिसऱ्याला मडमनं खांदा दिला. चौथा खूर तसाच. मग सासूनं पदर खोचला आणि म्हणाली, “उचला. माझ्या सुनंला काय झालं तर गावानं माझं तोंड बघू नये, मी गावाचं बघणार न्हाय.”

आम्ही चौघं चार उंचीचे. मडमच्या बाजूनं बाज वर, म्हातारीच्या बाजूनं खाली, आणि आक्का घसरत होती. मडम गुडघ्यात वाकून चालू लागली. अर्धा कोस ती तशीच वाकून चालली. ओठ हलत होते. आधी मला वाटलं प्रार्थना चाललीय. जवळून ऐकलं तर ती पावलं मोजत होती.

शिवेवर बाज मडमच्या बैलगाडीत चढवली आणि निघालो. गुंजीचा सिग्नल दिसायच्या आतच शिट्टी ऐकू आली. झाडांवरून धूर गेला. पुढची गाडी दिवस मावळायच्या सुमारास.

स्टेशनमास्तरानं मालाची खोली उघडून दिली. लाकडाच्या ओंडक्यांमध्ये बाज ठेवली. मडम आणि सासू आत, दाजी आणि मी बाहेर. आतून आक्काचा आवाज यायचा, मग यायचा नाही, आणि न येणं जास्त वाईट होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी मडम दाराशी आली.

“पोरगी होती,” ती म्हणाली. “लई फुंकलं मी तिच्या तोंडात. रडली न्हाय.”

“आणि आक्का?”

“हाय अजून.”

तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. दुसरं कुणी नव्हतं म्हणून. “कुठं आहे तुमचा देव? एवढं पुस्तक घेऊन गावोगाव फिरता, आज कुठं होता तो?”

ती उंबऱ्यावर बसली. हात धुतलेले नव्हते.

“सकाळपास्नं मीबी त्येच इचारतोय त्याला,” ती म्हणाली. बाप्यासारखं बोलायची ही तिची एकच चूक. “त्याचीबी गाडी चुकली असंल. पर येतो तो. उशिरा येतो, लाज न्हाय त्याला, पर येतो.”

हे बोलताना ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती उठली, परत आत गेली.

संध्याकाळच्या गाडीत गार्डानं आपल्या डब्यात बाज घेऊ दिली. मडम खाली फळ्यांवर बसून आक्काची नाडी धरून होती. मी विचारलं, “वाचंल काय?”

“ठावं न्हाय.”

बेळगावपर्यंत तिनं ती नाडी सोडली नाही.

आक्का वाचली. चौथ्या दिवशी दवाखान्यात तिचा ताप उतरला, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“कुणासारखी होती रं?” तिनं विचारलं.

मी बघितलंच नव्हतं. दाजींनी आणि गाडीवानानं स्टेशनामागे खड्डा खणला तेव्हा मी पाठ करून उभा होतो. मी काहीतरी बनवून सांगायला तोंड उघडलं आणि ते जमलं नाही.

पलीकडच्या खाटेवर मडम कुणाची तरी पट्टी बांधत होती. तिनं मान वळवली नाही.

“केस लई होते गं,” ती म्हणाली. “काळेभोर. तुझ्यासारखे.”