‘दमा एक नसतो’ सांगणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. सिसिलिया लोपीस यांची आणि माझी पहिली भेट अठरा वर्षांपूर्वीची. माझी पत्नी मंदा हिला धाप लागत होती. चंदनसारमधल्या आमच्या शेजाऱ्यांनी विरार पश्चिमेच्या डॉक्टरबाईंचे नाव सांगितले. आमचा नंबर आल्यावर बाईंनी मंदाला आधी पाणी दिले, पाच मिनिटे शांत बसू दिले आणि मगच विचारपूस सुरू केली. तिचे माहेर अर्नाळ्याचे, घरी मासळी सुकवण्याचे काम, हे कळल्यावर त्यांनी ते केसपेपरवर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. लेखनाची मला सवय नाही. बाईंच्या अमृतमहोत्सव समितीने रुग्णाचा नातेवाईक म्हणून चार शब्द मागितले, तेव्हा मी आधी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “लिहा, पण मंदाचं लिहा. ते गाळून माझं कौतुक नको.” म्हणून तेच लिहितो.

बाईंच्या कामाची शिस्त सर्वांना माहीत आहे. वसईतल्या स्वतःच्या वाडीतून त्या सकाळी आठला निघतात, रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर अर्नाळ्यातल्या मुलांची छाती तपासायला जातात. रुग्ण त्यांच्यासमोर खोटे बोलू शकत नाही, असे म्हणतात. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप रुग्ण नीट घेतो की नाही, हे त्या त्याला समोर बसवून पाहत. पंप घेऊनही आराम पडत नसेल तर रुग्ण तो घेतच नसणार, असा तेव्हा त्यांचा हिशेब होता. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबर निघे.

मंदाच्या बाबतीत निघाला नाही. बाईंच्या सांगण्यावरून तिने मासळी वाळत घालण्याच्या दिवसांत माहेरी जाणे सोडले. तिच्या आईला ते लागले. “सुकटीनं आजवर कुनाला मारलंय का?” असे त्या मला तोंडावर विचारत. मंदा सकाळ-संध्याकाळ पंप घेई, मी पाहत असे. दम कमी होईना. बाईंनी औषधाची मात्रा वाढवली, मग आणखी वाढवली, आणि दर वेळी तिला समोर बसवून पंप ओढायला लावला. एकदा दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती मला एवढेच म्हणाली, “बाईंना मी खोटी वाटते.” मी तिला बाईंची बाजू समजावली. ते मी करायला नको होते.

सहा वर्षांपूर्वी, पौषातल्या एका सकाळी, रुग्णालयात नेताना मंदा गेली. आमची मुलगी स्नेहल तेव्हा चौदा वर्षांची होती.

बाराव्याला डॉक्टरबाई आल्या, मागे बसल्या आणि न जेवता गेल्या. त्यांची एक पद्धत मला तेव्हा ठाऊक नव्हती. उपचार चालू असताना दगावलेल्या रुग्णाचे कागद त्या इतरांत मिसळू देत नाहीत. ते खालच्या खणात राहतात आणि दर वर्षी ऑल सोल्स डेच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आठवड्यात त्या ते पुन्हा वाचतात. मंदाचे कागद त्यांनी तीनदा वाचले. तिसऱ्या वर्षी त्या एका संशोधन प्रकल्पात सहभागी झाल्या होत्या. त्यात रुग्णाच्या नाकात बारीक ब्रश फिरवून तिथल्या पेशी घेतात आणि त्यांवरून दमा कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज बांधतात. नाक आणि फुफ्फुसे ही एकाच वाटेची दोन टोके, असे बाई समजावतात. एका जातीच्या दम्याला नेहमीचा पंप चांगला लागू पडतो. दुसऱ्या जातीत मात्रा कितीही वाढवली तरी तितकासा उपयोग होत नाही, दुसरा मार्ग शोधावा लागतो.

त्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. चहा बाजूला ठेवून म्हणाल्या, “मंदाचा दमा दुसऱ्या जातीचा असावा. ती पंप घेत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.” मग त्यांनी स्नेहलची नाकाची चाचणी करून घ्यायला सुचवले. स्नेहल स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली.

स्नेहलला दमा होता, हे इथे सांगायला हवे. आई गेल्याच्या पुढच्या वर्षी तो सुरू झाला, तेव्हा बाईंनी तिलाही तोच पंप लिहून दिला. ती बारावीला पोचली तेव्हा जिन्याचे दोन मजले तिला एका दमात चढवत नव्हते. मला मंदाचीच वाट पुन्हा दिसत होती. आईला आराम पडला नाही तो पंप हिलाही देत राहायचा का, हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हतो. स्नेहल आता दवाखान्याचे नाव काढू देत नव्हती. बाईंच्या त्या भेटीनंतर आठ दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, “नाक तपासायचंय ना, चला.”

ब्रश फिरवताना डोळ्यांत पाणी येते, दुखत नाही. निकाल यायला काही आठवडे गेले. तोवर मी नीट झोपलो नाही. निकाल आला, त्यासोबत रक्ताच्या आणि श्वासाच्या चाचण्याही बाईंनी ताडून पाहिल्या. स्नेहलचा दमा पंपाला दाद देणाऱ्या जातीचा होता. मग तो दाद का देत नव्हता?

पूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी तिला समोर बसवून पंप ओढायला लावला असता. त्यांनी पंप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “तू सांगशील ते मी खरं धरणार. घेतेस का गं?”

स्नेहल म्हणाली, “नाही घेत. कितीतरी महिने झाले. आई रोज घ्यायची. काय झालं तिचं?”

“तिचा दमा तपासायचा राहिला,” बाई म्हणाल्या. “तुझा तपासलाय.”

इतकेच बोलणे झाले. स्नेहलने तो पंप उचलला. रागानेच उचलला, पण तिथेच घेतला. दोन महिन्यांनी ती जिने चढू लागली. आज ती वीस वर्षांची आहे, पालघरला फार्मसी शिकते.

माझ्या निवृत्तीनंतर बाईंनी मला दवाखान्यात कामाला बोलावले. नमुन्यांच्या नळ्यांवर नावे लावणे, त्या थंड पेटीत भरून पाठवणे ही कामे मी करतो. रुग्णांशी बाई पूर्वीइतक्याच कडक आहेत, पण पंपाने आराम न पडलेल्या माणसाला आता त्या आधी खुर्ची देतात, मग त्याचे म्हणणे ऐकतात, मग नाकाची चाचणी सुचवतात. चाचणी म्हणजे देवाचा कौल नव्हे, हेही सांगतात. त्यांच्याकडून झालेली चूक मी विसरलेलो नाही, आणि त्यांनीही मला ती विसरायला सुचवलेले नाही. आमच्या दोघांत याविषयी पुन्हा बोलणे झाले नाही. त्याची गरज पडली नाही.

डॉक्टरबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना पुढेही निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे, असे मी मनापासून म्हणतो. त्यात माझा स्वार्थही आहे. बरे वाटू लागले की स्नेहल अजूनही पंप टाळते. मी सांगितले तर ऐकत नाही. बाई फोनवर फक्त “घेतलास का?” असे विचारतात आणि ती खरे सांगते.