नानांनी वर घेतलेला विकेटकीपर

नानांनी मॅनेजरपद सोडून जेमतेम दोन महिने झालेत, आणि आमच्या टीममध्ये कोणीही तोंड उघडलं की नानांचाच किस्सा बाहेर पडतो. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. परवा मीटिंग सहाला सुरू झाली नि पहिला विषय निघायला साडेसात वाजले!

नाना म्हणजे मिरकरवाडा बंदरावर रोज सकाळी माशांचा लिलाव पुकारणारे नाना. आठ वर्षं ते आमच्या टेनिस बॉल क्रिकेट टीमचे मॅनेजर होते. लीगमध्ये दरवर्षी खेळाडूंचा लिलाव होतो, पैशांऐवजी पॉइंटवर. आम्हाला वाटलं, लिलावातलाच माणूस आहे, अजून काय पाहिजे? इथेच फसलो.

आता गुडघ्यांमुळे नाना थांबले आणि मॅनेजरकी माझ्या गळ्यात पडली. नियम असा की दरवर्षी जुन्या टीममधले चारच खेळाडू ठेवता येतात, बाकीचे परत लिलावात. म्हणजे नानांनी घेतलेला एकेक माणूस तपासायला बसायचं. त्यात एक मी! वय अडतीस, विकेटकीपर, बसलो की उठायला वेळ लागतो. लिलावात मला कोण घेतंय? माझा खेळ तिथेच संपला असता. किस्से ऐकून सगळे हसत होते, मीही हसत होतो, पण मनात चार नावं मोजत होतो.

*

नानांचा पहिलाच लिलाव. दुसरी टीम एका डावखुऱ्या स्पिनरला अगदी स्वस्तात घेऊन चाललेली. नानांना बघवेना. "एवढा ताजा माल नि एवढ्यात? बोला, बोला!" म्हणत स्वतःच बोली चढवली. समोरच्यांनी बोली सोडून दिली. स्पिनर आमच्या गळ्यात!

असं दिवसभरात चार वेळा झालं. शेवटी आयोजकांनी विचारलं, "नाना, तुम्ही घ्यायला आलात की विकायला?"

त्या वर्षी आमच्याकडे चार डावखुरे स्पिनर होते. ओपनर एकही नव्हता.

*

मग ओपनर आणला. सुध्या, मूळचा गुहागरचा, नोकरी मुंबईला. म्हणाला, "नाना, करार लेखी पाहिजे."

नानांना करार एकच ठाऊक, बोटीवरच्या खलाशांचा. तोच लिहून दिला, "बोटी बंदराला लागेपर्यंत." म्हणजे मासेमारीचा हंगाम संपेपर्यंत.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी वादळाचा इशारा आला. सगळ्या बोटी बंदरात परत! सुध्याने खिडकीतून बंदर बघितलं, बॅग भरली आणि गुहागरच्या टीमकडून खेळायला निघून गेला.

वादळ काही आलं नाही. ओपनिंगला मी गेलो, तीन बॉल टिकलो.

*

खेळाडू पारखायचा म्हणजे नाना त्याला पहाटे जेट्टीवर बोलवायचे. मासळी बघतात तसे दंड दाबून बघायचे, डोळे बघायचे. एकदा मुंबईचा एक नावाजलेला बॅट्समन रात्रभर बसने प्रवास करून थेट जेट्टीवर आला. नानांनी बघितलं नि मान हलवली. "डोळे बसलेत. कालचा हाय."

त्याला दुसऱ्या टीमने घेतलं आणि तो मॅन ऑफ द सीरिज झाला. आम्ही नानांना धरलं, "आता काय म्हणता?"

"मेल्यांनी बर्फात ठेवला असंल!"

*

आता माझा. आठ वर्षांपूर्वी नानांनी एक फास्ट बोलर घेतला, चांगले पॉइंट मोजून. आणि टेबलापुढून हलेचनात.

"वर काय?"

हॉलमध्ये हशा. आयोजक म्हणाले, "नाना, हा खेळाडू आहे. पाटीतले बांगडे नव्हेत, वर दोन टाकायला!"

"मग मी हितंच उभा हाय."

पुढचा लिलाव अडला. कंटाळून आयोजक म्हणाले, "त्या कोपऱ्यात अनसोल्ड बसलेत, त्यातला एक घ्या आणि जा!" नानांनी नीट न बघताच बोट केलं. ग्लोव्ह्ज मांडीवर घेऊन बसलेला तो अनसोल्ड मी.

बोलर एका हंगामात पळाला. मी आठ वर्षं राहिलो. एका वर्षी अंगठा मोडून घरी बसलो तरी नानांनी मला सोडलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटायची.

*

परवा तीन नावं ठरली. चौथ्याला सगळे माझ्याकडे बघायचं टाळायला लागले. सेक्रेटरी बापू घसा खाकरून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, पण तू म्हणजे नानांनी वर घेतलेला..."

तेवढ्यात काठी टेकत नानाच आले. बापूने त्यांनाच विचारलं, "नाना, हा वरचा ठेवायचा की सोडायचा?"

नाना माझ्यापुढे आले. दंड दाबला. डोळ्यांत बघितलं. 

"वरचा ह्यो नव्हं, वरचा तो बोलर. त्या दिवशी मी ह्याच्यासाठीच गेलेलो."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की खालीच बसलो. आठ वर्षं उगाच घाबरत होतो! चौथं नाव बापूने तिथल्या तिथे लिहिलं.

पण बापू तो बापूच. "अहो नाना, मग सरळ ह्याच्यावरच बोली का नाही लावलीत?"

नाना ओट्यावर टेकले, गुडघा चोळत म्हणाले, "तोंड उघडलं असतं तर मीच भाव चढवला असता!"