काचेआडचा माग

दर डिसेंबरात मी हातमागाच्या जुन्या कारखान्यातून कापडी बांधणीची एक वही आणते. रोजनिशीची सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली. यजमान गेले त्या दिवशीचंही पान मी कोरं सोडलं नाही.

वह्या बांधणारी बाई तिशीची होती तेव्हापासून मी तिला ओळखते. बोटं कायम खळीने माखलेली, म्हणून कारखान्यात सगळे तिला चिकटबाई म्हणतात. ती म्हणते, "खुशाल नावं ठेवा, पण पुठ्ठा उचकटला तर सांगा." आजवर एकही उचकटलेला नाही.

तिची ताई तिथेच विणायची. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी "सूत घेऊन येते" म्हणून गेली, ती गेलीच. पोलीस झाले, दवाखाने झाले. जुन्या मालकांनी तिचा माग अर्धवट कापडासकट तसाच ठेवला, खोलीच्या काचेच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. चिकटबाई त्या दारापुढून मान वळवून जायची. मी मात्र दरवर्षी वही घ्यायला गेले की आत बघायची. राखाडी कापडावरचे निळे पट्टे मोजायची आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर आकडा टिपायची. लिहिलेलं पुन्हा वाचायची मला खोड नाही.

गेल्या महिन्यात चिकटबाई पहिल्यांदाच माझ्या घरी आली.

"काकू, छोटे मालक शनिवारी ताईचा माग मोडतायत. तिथे दुकान काढायचंय. मी म्हटलं, मोडू नका, ताई येऊन विणते. मी मागावर धोटा फिरल्याचा आवाज ऐकलाय."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, खळ डोक्यात चढली तुमच्या. पुरावा आणा, मग नाही मोडत. तुम्ही सगळं लिहून ठेवता ना, काकू?"

मी एकोणीस वह्या टेबलावर मांडल्या. पहिल्या वर्षी पट्टे पाच. दुसऱ्या वर्षी सहा. मोजण्यात चूक झाली असेल असं म्हणून तिसरी उघडली. सात. पुढे दरवर्षी एक. तिचा चेहरा उजळत चालला होता.

"आहे, काकू. ती कुठेतरी आहे."

सोळाव्या वहीत वीस होते. सतरावी उघडून मी थांबले.

"वाचा ना."

वहीत एक आणि तोंडी दुसरं, असं मी जन्मात केलेलं नाही. त्या क्षणी करावंसं वाटलं.

"वीस," मी म्हटलं.

"पुढची?"

"वीस."

शेवटची तिने स्वतःच ओढून घेतली, पाहिली आणि मिटली.

"तीन वर्षं आवाज नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, माझेच कान गेले."

शनिवारी ती मला सोबत घेऊन गेली. छोटे मालक किल्ली घेऊन उभेच होते.

"काय, बाई, मिळाला पुरावा?"

"कुलूप काढा. मीच कापते."

आत सगळीकडे बोटभर धूळ होती. बसायच्या फळीवर मात्र ती पातळ होती. मालकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं हसू गेलं.

आडवं सूत नेणारा धोटा ताण्याच्या मधोमध, उभ्या दोऱ्यांत अडकून पडला होता.

"ताई धोटा पार केल्याशिवाय पाणी प्यायलाही उठायची नाही," चिकटबाई म्हणाली. "गेली त्या दिवशीही काठाशी ठेवून गेली होती. मी पाहिला होता."

तिला विणता येत नाही. तरी तिने तो धोटा हळूहळू सरकवत दुसऱ्या काठापर्यंत नेला, सूत ओढून ताठ केलं आणि मग कात्री मागितली.

कापड एका वहीपुरतंच निघालं. ती वही तिने विकायला ठेवली नाही, मलाही दिली नाही. तिच्या टेबलावर, पुठ्ठे बसवायच्या दाबाखाली असते. कोरी आहे का, हे मी विचारलेलं नाही.