मागच्या डाव्या चाकाचा नंबर

माझे धाकटे दीर बावीस वर्षं एकाच टायरच्या दुकानात कामाला होते. दुकानात त्यांना सगळे हवालदार म्हणायचे, कारण पहिली चार वर्षं त्यांनी फक्त हवा भरली. पुढे ते रिम सरळ करायला शिकले, चाकं तोलायला शिकले, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखी मिळाली नाही." मी म्हणायची, "शोधायला बाहेर पडलात कधी?" मग माझे यजमान पेपराआडून म्हणायचे, "दुकानात चाकं येतात गं, बायका येत नाहीत." की झालं, घरातलं त्या दिवसाचं बोलणं संपलं. दोन्ही भाऊ तसेच. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्यांच्या बोटांचं माझ्या लक्षात आलं ते शर्टावरून. भावजींनी बटणांचे शर्ट घालणं बंद केलं. आधी वाटलं, उकडत असेल. मग एकदा मी नुकताच ओतलेला चहाचा पेला त्यांनी मुठीत धरला आणि तसाच धरून बसले. पेला खाली ठेवला तेव्हा बोटं लालभडक.

"अहो, भाजलं नाही?"

"कळलं नाही."

मी त्यांना टेबलाशी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तळहातावर एक बटण ठेवलं, बोटांच्या चिमटीत एक वाटाणा दिला. म्हटलं, कुठलं काय ते सांगा. बराच वेळ त्यांनी चिमूट चोळली. शेवटी म्हणाले, "दोन्ही बटणंच आहेत ना?"

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. चाकाचे नट उघडायची ती हवेची गन असते, तिचे हादरे इतकी वर्षं हातांनी सोसले. बोटांच्या टोकांच्या नसा गेल्या. गेलेलं परत येणार नाही. गन धरत राहिलात तर उरलेलंही जाईल. भावजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "गाडी कुठे लावलीत तुम्ही?"

मालकांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी दुकानातल्या एकाची कंबर धरली होती. मालकांनी त्याला चार दिवसांत घरी बसवलं आणि वर म्हणाले, "हे दुकान आहे, दवाखाना नाही." माणूस वाईट नाही, पण बोलला ते सगळ्यांच्या कानात राहिलं.

भावजी तगले ते एका यंत्रामुळे. हल्लीच्या गाड्यांना प्रत्येक चाकात, हवा भरायच्या व्हॉल्व्हला जोडून, आतल्या बाजूला एक सेन्सर असतो. तो चाकातली हवा मोजतो आणि गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर. चाकं बदलली की गाडीला नवे नंबर शिकवावे लागतात, नाहीतर ती जुन्यांनाच हाका मारत बसते. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र येतं. ते दुकानात आलं तेव्हा कोणी त्याला हात लावेना. जाड्या नावाचा त्यांचा सोबती आहे, चाळिशीचा, अंगानं बारीक. तो म्हणाला, "ह्याला पडदा आहे, आपण नट-बोल्टवाले." भावजींनी ते घरी आणलं आणि माहितीचं पुस्तक माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. कॉलेजात मी शिकले इतिहास, पण त्या आठवड्यात मी सेन्सर शिकले. यंत्राची बटणं मोठी होती, बोटाच्या पेरानं दाबली तरी चालायचं. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी गन धरली नाही आणि कोणी का म्हणून विचारलंही नाही. यंत्र होतं तोवर ते दुकानात होते. हे त्यांना माहीत होतं आणि मला.

त्या शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची पिवळी स्पोर्ट्‌स कार घेऊन आल्या. जमिनीला इतकी चिकटलेली गाडी की उतरताना बाई आधी पाय बाहेर काढायच्या, मग बाकीच्या. त्यांनी चाकांचा दुसरा जोड घेतला होता, शर्यतीच्या मैदानावर चालवायला. रविवारी पहाटे त्या तिथे जाणार होत्या. चार नवी चाकं, चार नवे सेन्सर. टायर चढवायच्या आधी भावजींनी स्वतः सेन्सर बसवून व्हॉल्व्हचे नट आवळले, मग जाड्यानं चाकं गाडीला लावली. राहिलं गाडीला नंबर शिकवणं.

ह्या कामाचा एक नियम आहे, आणि दुकानाला तो भावजींनीच घालून दिलेला. काढलेली चाकं गाडीपासून दहा पावलं लांब न्यायची. कारण यंत्र ज्या सेन्सरला उठवतं तो उठतो, पण जवळपास दुसरा असला तर तोही उठू शकतो, आणि ज्याची हाक आधी पोचली त्याचा नंबर गाडी धरते. गाडीला काय कळतंय, चाक तिच्या अंगाला आहे की भिंतीला टेकलंय.

जुनी चाकं ढकलगाडीवर होती, मागच्या डाव्या कोपऱ्याला अगदी लागून. ती उचलून मागच्या खोलीत न्यायची होती. मागची चाकं रुंद आणि जड. भावजींनी एक धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. जाड्या चहाला गेला होता. त्याची वाट पाहिली असती तर तो म्हणाला असता, हवालदार, आज जेवला नाहीत काय. म्हणून भावजींनी ती तिथेच ठेवली.

गाडीनं नंबर धरला की तिचा हॉर्न वाजतो. पुढचं डावं, हॉर्न वाजला. पुढचं उजवं, वाजला. मागचं उजवं, मागचं डावं. चार चाकं, चार वेळा हॉर्न. पडद्यावर हवेचे चार आकडे, चारही बरोबर. बाई गाडी घेऊन गेल्या.

हे सगळं मला कळलं ते शनिवारी दुपारी. भावजी जेवायला आले, हात धुतले, ताटावर बसले आणि जेवेनात.

"काय झालं?"

"सकाळी जुन्या चाकांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधत होतो. मागच्या डाव्याचा नंबर घेतला. तोच नंबर काल मी वहीत लिहिलाय. नव्या चाकाचा म्हणून."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे बाईंची गाडी..."

"मागच्या खोलीतल्या चाकाची हवा मोजतेय. मोजतेय तरी कसली. दुकानातून निघाली तसा आवाज तुटला असणार. शेवटचा आकडा थोडा वेळ दाखवेल, मग पिवळा दिवा लागेल."

"मग दिवा लागला की येतील त्या."

"येतील. सेन्सर खराब निघाला म्हणायचं, दुसरा टाकायचा. सगळे तेच करतात. खराब निघतातही."

"मग?"

त्यांनी हात ताटाच्या कडेला ठेवले होते. ते बोटांकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. "त्या चाकाच्या व्हॉल्व्हचा नट मी आवळलाय, वहिनी. सैल राहिला असेल तर हवा गळत राहणार. तो पाना नट बसला की टक्‌ करतो. तीन वेळा ऐकलं. चौथ्याला मागे गन चालू होती. ऐकू आलं नाही. आणि हाताला तर..."

मैदानावर त्या गाड्या काय वेगानं पळतात ते मी यजमानांच्या टीव्हीवर पाहिलं आहे. मागचं चाक हळूहळू बसत असेल आणि गाडीला त्याचा पत्ताच नसेल, तर बाईंना तो केव्हा लागायचा?

"फोन करा त्यांना."

"नंबर मालकांकडे आहे."

"मग मालकांना सांगा."

"सांगितलं की ते विचारणार, चाकं लांब का नेली नव्हती."

"काही सांगा ना, घाई होती म्हणा."

"बावीस वर्षांत मी घाई केली नाही, हे त्यांना माहीत आहे."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं की दिव्याची वाट बघू या. दिवा लागेल, बाई शहाण्या आहेत, थांबतील. मी ते बोललेही. भावजी म्हणाले, "लागेल. लोक दिवा बघतात आणि म्हणतात, कालच तर काम करून आणलंय, दिवाच बिघडला असेल." मग उठले, न जेवता हात धुतले आणि म्हणाले, "येता का सोबत? गाडी तुम्ही चालवा."

मालक दुकानात होते. भावजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नटापर्यंतचं. बोटांचं तेवढं सोडून. मालकांनी लगेच बाईंना फोन लावला. बाई अर्ध्या तासात आल्या, दवाखान्यातला पांढरा डगला तसाच अंगावर.

गाडी जॅकवर चढली. मागच्या डाव्या व्हॉल्व्हवर जाड्यानं साबणाचं पाणी सोडलं. आम्ही सगळे त्या वितीएवढ्या जागेकडे वाकून बघत राहिलो. एक बुडबुडा नाही. जाड्यानं पुन्हा पाणी सोडलं. फेस तसाच बसून राहिला. हवा मोजली, काल भरली तेवढीच.

"अहो, मग मला धावत कशाला आणलंत? एक पेशंट आ करून बसलाय माझा!" बाई हसल्या. जाड्याही हसला. म्हणाला, "हवालदारांना म्हातारपण लागलं बाई. नट घट्ट आहे आणि म्हणे सैल असेल."

मालक हसले नाहीत. ते भावजींकडे बघत होते. "तू आवळलेल्या नटाची तुला खात्री नव्हती?"

"नव्हती."

"का?"

माझ्या जिभेवर दहा कारणं होती.

"बोटांना कळत नाही," भावजी म्हणाले. "दीड वर्ष झालं. चाकं उचलवत नाहीत, म्हणून तिथेच ठेवली."

ते असं बोलले, जसं कोणी विचारावं किती वाजले आणि आपण सांगावं. डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. त्यांनी भावजींचा हात स्वतःच्या हातात घेतला, बोटाच्या टोकावर नख दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भावजी गाडीकडे बघत होते. त्यांना कळलंच नव्हतं की बाईंनी नख लावलंय. बाईंनी हात हलकेच परत खाली ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"आधी गाडीला नंबर शिकव," मालक म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत.

जुनी चाकं मागच्या खोलीत होतीच. भावजींनी यंत्र घेतलं आणि पहिल्यापासून केलं. प्रत्येक हॉर्ननंतर नंबर वहीशी ताडून बघितला, मागच्या डाव्याचा खोडून नवा लिहिला. मागचं डावं झाल्यावर बाईंना म्हणाले, "आता बिनधास्त जा." बाई म्हणाल्या, "उद्या तशीच गेले असते तरी चाललं असतं ना पण." भावजी म्हणाले, "चाललं असतं."

मालकांनी निकाल सोमवारी दिला. आरडाओरडा नाही, काही नाही. पंधरा दिवसांत जाड्याला यंत्र शिकवायचं, मग थांबायचं. "मला झोप लागणार नाही रे," एवढंच ते म्हणाले, आणि ते खरं असावं. मी घरी फार बोलले, यजमानांपाशी, भिंतीपाशी, भांड्यांपाशी. प्रामाणिकपणाची हीच किंमत का, वगैरे. यजमान म्हणाले, "अगं, ह्याला प्रामाणिकपणा नाही, गाढवपणा म्हणतात." मग स्वतःच उठून बाहेर जाऊन बसले. भावजींना विचारलं, राग नाही येत? म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीही हेच केलं असतं." चेहऱ्यावर काही नव्हतं. मी नीट पाहिलं, माझी सवयच आहे बघायची. खरंच काही नव्हतं.

पंधरा दिवस त्यांनी जाड्याला शिकवलं. सोळाव्या दिवशी ते घरी होते. उठले, अंघोळ केली, जेवले, खिडकीपाशी बसले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. जाड्या होता. भावजींनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हवालदार, तीनच वेळा वाजतोय हो हॉर्न. चौथा वाजतच नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं आहे."

"चाक अर्धा फेरा पुढे घे. व्हॉल्व्ह खाली आला असेल."

मागे खडखड झाली, गाडी सरकल्याचा आवाज आला.

"आता यंत्र रिमला चिकटवू नकोस, टायरला लाव. व्हॉल्व्हच्या वर."

"लावलं."

मी भाजी निवडत होते, माझाही हात थांबला. मग फोनमधून हॉर्न वाजला, बारीक, लांबून.

"झालं हो!" जाड्या ओरडला आणि फोन ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

त्यानंतर आणखी तीनदा फोन आला. दोनदा त्या आठवड्यात, एकदा पुढच्या महिन्यात. आता येत नाही. जाड्या शिकला.